जुळवून घ्यायचे ते नक्की कोणी?

जर्मनीत शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात सर्वाधिक वेळा ऐकावा लागणारा सल्ला म्हणजे ‘नव्या वातावरणाशी जुळवून घ्या’. विद्यापीठाच्या स्वागत सप्ताहात तो मिळतो, आधीच्या तुकडीतले अनुभवी लोक तो देतात आणि घरून फोन करणारे काका-मामाही तोच ऐकवतात. मला आता त्याची चीड येऊ लागली आहे. थंडीशी, डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास पडणाऱ्या अंधाराशी आणि प्राध्यापकांना भर वर्गात आव्हान देण्याच्या इथल्या पद्धतीशी मी केव्हाच जुळवून घेतले आहे. त्यात फारसे अवघड काही नव्हते. जुळत नाहीत ते इथल्या कार्यालयांचे कागद एकमेकांशी, आणि ते जुळवण्याचे काम मात्र वर्गात बसायला आलेल्या मुलाच्या गळ्यात घालून बाकी सगळे मोकळे झाले आहेत.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ज्याला आम्ही सगळे आनमेल्डुंग म्हणतो ती, करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि न केल्यास १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्या नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. २०१५ पासून त्याशिवाय काम होत नाही. दाखल्यासाठी घर लागते, आणि घर देणारा मनुष्य मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि शुफा या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा पतअहवाल मागतो. गेल्या आठवड्यात विमानातून उतरलेल्या विद्यार्थ्याकडे पगार कुठला आणि पत कुठली? वसतिगृहाची खोली मिळावी तर म्युनिकसारख्या शहरांत प्रतीक्षायादी काही सत्रे लांबीची असते. उरतात त्या पोटभाड्याच्या तात्पुरत्या खोल्या, आणि त्यांच्या जाहिरातींत कित्येकदा निर्लज्जपणे लिहिलेले असते की राहायला मिळेल, पण या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही. म्हणजे भाडे घेणार, तेही बहुधा बाजारभावापेक्षा चढे, आणि ज्या कागदावाचून पुढचे पाऊल पडत नाही तो कागद मात्र देणार नाही.

पत्ता नाही म्हणून करक्रमांक येत नाही, कारण तो नोंदणीनंतर टपालानेच येतो. करक्रमांकाशिवाय नोकरी देणाऱ्याला पगाराची आकडेमोड नीट करता येत नाही, त्यामुळे वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची जी मुभा आम्हाला कायद्याने दिली आहे ती कागदावरच राहते. अनेक बँकाही चालू खाते उघडण्याआधी नोंदणीचा दाखला मागतात. आणि चालू खाते नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आगाऊ भरून अडकवून ठेवलेल्या खात्यातले, पैसे येणार कुठे? व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याचे ९९२, कर्ज काढून आधीच भरून ठेवावे लागतात. तो माझाच पैसा, माझ्याच नावाने ठेवलेला, आणि तो मला मिळावा म्हणून मी एखाद्या याचकासारखा ईमेल पाठवत बसायचे!

या सगळ्याच्या मुळाशी टर्मिन नावाची वस्तू आहे, म्हणजे कार्यालयात जाण्यासाठी आगाऊ घ्यावी लागणारी वेळ. कार्यालयात थेट गेलात तर दारावरचा मनुष्य संकेतस्थळाकडे बोट दाखवतो. संकेतस्थळावर महिन्याचे कॅलेंडर उघडते आणि त्यातला प्रत्येक दिवस राखाडी असतो. कोणीतरी सांगते की रद्द झालेल्या वेळा भल्या सकाळी पुन्हा दिसू लागतात. मग गजर लावून उठायचे, पान पुन्हापुन्हा ताजे करायचे, एखादा दिवस निळा झाला की घाईघाईने नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक भरायचा, आणि शेवटचे बटण दाबताच ‘ही वेळ आता उपलब्ध नाही’ अशी ओळ वाचायची. त्यानंतर भरलेला फॉर्म कोरा होतो. हे कोणत्या अभियंत्याच्या डोक्यातून निघाले असेल, याचा विचार मी ट्राममध्ये बसून पुष्कळ वेळा केला आहे. अभियांत्रिकीसाठी जगभरातली मुले ज्या देशात येतात त्या देशात हे घडते, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

टपालाची तऱ्हा तर निराळीच. इथे पत्र खोली क्रमांकावर येत नाही, पेटीवरच्या नावावर येते. पेटीवर बोटभर रुंदीची पट्टी असते आणि तीवर मूळ भाडेकरूचे आडनाव आधीच छापलेले असते. माझ्या पासपोर्टावर माझे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात सलग छापले आहे, त्यामुळे एक कार्यालय वडिलांच्या नावाने पत्र पाठवते, दुसरे तिन्ही नावे जोडून एक अखंड शब्द करते, आणि पेटीवर तसे नाव दिसले नाही की पत्र परत जाते. बँक कार्ड एका लिफाफ्यात पाठवते आणि पिन दुसऱ्यात. माझा पिन आला. कार्ड परत गेले. चौकशी केल्यावर नम्र उत्तर मिळाले की नवे कार्ड पाठवता येईल, परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव पिनही नवा पाठवावा लागेल.

एक पत्र मात्र अचूक आले, नोंदणी झाल्यावर सर्वांत आधी आले, आणि त्यावर माझ्या नावाचे एक अक्षरही चुकलेले नव्हते. ते होते रेडिओ-टीव्हीच्या सार्वजनिक शुल्काचे. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो. सरकारी शिक्षणसाहाय्य, म्हणजे बाफ्योग, घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यातून सूट मिळते. आमच्यासारख्यांना ते साहाय्यच मिळत नाही, त्यामुळे सूटही नाही. गंमत अशी की आमच्या ब्लॉक्ड अकाउंटचा ९९२ युरोंचा आकडा त्याच बाफ्योगच्या कमाल दरावरून ठरवलेला आहे. पैसे दाखवण्यापुरते आम्ही त्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीचे, आणि सवलतीच्या वेळी परके.

माझा खरा राग विद्यापीठावर आहे. नगरपालिकेला मी कोण ते ठाऊक नव्हते. विद्यापीठाला महिनोन्‌महिने आधीपासून ठाऊक होते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात एकट्या भारतातले ४९,४८३ विद्यार्थी जर्मनीत शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत तो सर्वांत मोठा गट होता. दर ऑक्टोबरात हा लोंढा येतो, त्यात काहीही अनपेक्षित नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत, जाहिरात इंग्रजीत, प्रवेशपत्र इंग्रजीत. आणि नंतर ज्या खिडकीसमोर उभे राहायचे तिथे कामकाजाची भाषा कायद्यानेच जर्मन. त्याबद्दल तक्रार नाही, देश त्यांचा आहे आणि भाषा आम्ही शिकतोच आहोत. परंतु पहिल्या आठवड्यात आमच्या शेजारी उभे राहायला एक माणूस देणे विद्यापीठाला जड जाते आणि ‘सांस्कृतिक धक्का कसा पचवावा’ या विषयावर अडीच तासांचे सादरीकरण मात्र जड जात नाही. त्या सादरीकरणात आम्हाला क्लबमध्ये सामील व्हा, मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, अनोळखी माणसाशेजारी बसा, एकटे राहू नका असे सांगण्यात आले. एकटेपणावर उपाय सांगणाऱ्या त्या बाईंना मी विचारले की नोंदणीच्या टर्मिनसाठी विद्यापीठ काही मदत करते का. त्यांनी हसून एक दुवा दिला. तो त्याच राखाडी कॅलेंडरचा होता.

या धावपळीत अभ्यासाचे काय होते ते कोणी विचारत नाही. माझ्या बहुतेक विषयांत सत्रभर चाचण्या नाहीत, सगळे गुण शेवटच्या एका लेखी परीक्षेवर, आणि त्या परीक्षेसाठीही वेगळी नोंदणी ठरावीक मुदतीतच करावी लागते. मी प्रयोगाचे गट पडले त्या दिवशी निवास परवान्याच्या रांगेत होतो, त्यामुळे उरलेल्या गटात गेलो.

फेब्रुवारीत त्या परवान्याची टर्मिन अखेर ईमेलने आली. दिवस परीक्षेचा, वेळही परीक्षेची. परकीय नागरिकांच्या कार्यालयाने कळवले की वेळ बदलता येत नाही, रद्द करून नव्याने अर्ज करता येतो. परीक्षा कार्यालयाने कळवले की परीक्षेतून ऐनवेळी माघार घेण्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, सरकारी कार्यालयाचे बोलावणे हे कारण त्यांच्या नियमांत बसत नाही. दोन्ही पत्रांच्या खाली शुभेच्छा होत्या. मी पेपर दिला, टर्मिन गेली, आणि आता पुन्हा रोज सकाळी तेच पान ताजे करतो आहे. मधल्या काळात विद्यापीठाने आमच्याकडून एक प्रश्नावली भरून मागवली आहे, जिच्या पहिल्याच प्रश्नात ‘तुम्ही येथे किती चांगले रुळला आहात’ असे एक ते पाच या मापात विचारले आहे.