खुलासा: ‘जॅस्पर’ खरा, पण ‘जिंक्स’चं काय?

‘टॉम अँड जेरीच्या पहिल्या भागात दोघांना जॅस्पर आणि जिंक्स म्हणून हाका मारतात’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. त्यातला अर्धा भाग खरा आहे.

10 फेब्रुवारी 1940 ला प्रदर्शित झालेल्या ‘पस गेट्स द बूट’ या पहिल्या भागात बोका जॅस्परच आहे. मोलकरीण त्याला त्याच नावाने झापते: आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर! हे ऐकून उंदीर टेबलाच्या कडेला काचेचा ग्लास धरून उभा राहतो आणि जॅस्परची बोलतीच बंद होते. (पुढच्या सगळ्या मारामाऱ्यांचं बीज इथेच आहे, असं माझं मत.) उंदराला मात्र पडद्यावर कुणीच नावाने हाक मारत नाही. ‘जिंक्स’ हे नाव पडद्याबाहेरून आलेलं.

हा जॅस्परही ओळखीचा टॉम नव्हेच. जास्त केसाळ, बराच वेळ चार पायांवर चालणारा. टॉम आणि जेरी ही नावं स्टुडिओतल्या स्पर्धेतून निवडली गेली. 1941 च्या ‘द मिडनाइट स्नॅक’पासून ती लागू झाली.

आणि हो, दिग्दर्शन टॉम-जेरीचे जनक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचं असूनही त्या पहिल्या फिल्मच्या श्रेयनामावलीत नाव फक्त निर्माता रुडॉल्फ आयझिंगचं आहे.