फॉर्मॅट मारून प्रोसेसर थंड होत नसतो!

पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतोय, एक्सेलची साधी फाइल उघडायला मिनिट लागतंय, गेम सुरू केला की दहा मिनिटांत चित्र अडखळायला लागतंय, आणि रिपेअरवाल्याचं निदान काय? "विंडोज खराब झालीय, फॉर्मॅट मारू. पाचशे रुपये." अरे बाबा, आधी हात तरी लावून बघ! मशीन भट्टीसारखं तापलंय आणि तू पेनड्राइव्ह शोधतोयस? प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) यांच्या मधली पेस्ट वाळून खडू झाली असेल, तर तिला विंडोज दहा की अकरा याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. फॉर्मॅटनंतर चार दिवस बरं वाटतं, कारण मागे गुपचूप चालणारी फालतू सॉफ्टवेअरं गेलेली असतात. ती एकेक करून परत येतात आणि गिरणी पुन्हा सुरू. मग पुढचा सल्ला, "रॅम वाढवा." त्याच्या पुढचा, "मशीनच जुनं झालंय, नवीन घ्या." तिन्ही सल्ले पैशाचे, आणि तापमान किती आहे हे एकानंही पाहिलेलं नाही.

तापमान बघायचं कुठे, तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं दिसतं, प्रोसेसरचं दिसतच नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. एचडब्ल्यूइन्फो फुकट मिळतं, ते टाका आणि सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली'वर टिक करा. शेकडो ओळी येतील. त्यातल्या तीनच हव्यात: प्रोसेसर (म्हणजेच सीपीयू) इंटेलचा असेल तर 'सीपीयू पॅकेज'चं तापमान (एएमडी कंपनीचा असेल तर 'टीसीटीएल/टीडाय'), 'सीपीयू पॅकेज पॉवर'चे वॉट, आणि सीपीयू फॅनचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे. खाली कुठेतरी 'ऑक्सटिन' नावाची ओळ १२७ अंश दाखवत असेल तर घाबरू नका. त्या पिनेला बहुतेक मदरबोर्डांवर सेन्सरच जोडलेला नसतो. हा १२७चा स्क्रीनशॉट काढून "बोर्ड जळतोय, बदला" असं सांगणारे महाभागही आहेत!

आकड्यांचा हिशेब साधा आहे. मशीन नुसतं चालू असताना ३५ ते ५० अंश, पूर्ण लोडवर ७० ते ८५, यात ओरडण्यासारखं काही नाही. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. तिथे पोहोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. मशीन मंद होतं ते यामुळे. रॅमचा इथे संबंधच नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर मात्र पूर्ण लोडवर ९५पर्यंत जाऊन तिथेच काम करतील अशाच बेताने बनवलेत, तेव्हा त्यांच्यावर ९५ दिसला म्हणून लगेच कूलर (हीटसिंक आणि पंखा मिळून) बदलायला धावू नका.

आता खरं निदान. याला पाच मिनिटं लागतात आणि हेच नेमकं कोणी करत नाही. फाइली झिप करणारं सेव्हन-झिप बहुतेकांकडे असतंच, त्यातला बेंचमार्क, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपणारी चाचणी, लावा आणि आकड्यांकडे बघत बसा. लोड पडताक्षणी वीस-तीस अंशांची उडी सगळेच मारतात, तिला भुलू नका. पण वॉट जेमतेम ६० आणि तापमान तीन सेकंदांत ९८, बेंचमार्क थांबवला की तितक्याच झटक्यात खाली, असं असेल तर उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकमध्ये जातच नाहीये. म्हणजे पेस्ट गेली किंवा कूलर नीट बसलेला नाही. उलट आकडा दमादमाने चढत दहा-पंधरा मिनिटांनी ९५ गाठत असेल, तर हीटसिंकपर्यंत उष्णता पोचतेय, तिथून हवेत जात नाहीये. म्हणजे धूळ, पंखा किंवा कोंडलेली हवा. खात्री करायची तर बाजूचं झाकण काढा आणि हीटसिंकच्या कडेच्या पात्यांना बोट टेकवून लगेच उचला, पंख्यापासून जपून. आकडा ९५ आणि धातू गार? कूलर बसलेला नाही. आकडा ९५ आणि बोटाला चटका? हवा अडलीय. झाकण काढल्यावर तापमान सात-आठ अंशांनी उतरलं तर कॅबिनेटच कोंदट आहे. एवढं कळायला कुठली डिग्री लागते? बोट लागतं!

आणि कूलर का बसलेला नसतो, तर त्या पुश-पिनांमुळे. इंटेलच्या प्रोसेसरसोबत डब्यात फुकट येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या. बोर्डाच्या भोकातून जाणारा पाय मधोमध चिरलेला, आणि वरून दाबली की एक खीळ त्या चिरेत घुसून दोन्ही फाका फाकवते, तेव्हा तो पाय पलीकडे अडकतो. खुंटीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, आणि सगळा घोळ त्या बाणाचा. जगातला कुठलाही शहाणा माणूस बाणाच्या दिशेने फिरवून बसवायला जाईल. पण तो बाण सोडवण्याची दिशा दाखवतो! बसवायच्या आधी चारही डोकी बाणाच्या उलट, अडेपर्यंत फिरवायची, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन खुंट्या एकदम दाबायच्या, मग उरलेल्या दोन. प्रत्येक वेळी 'टक्' ऐकू आलं पाहिजे. शेजारशेजारच्या दोन आधी दाबल्या की तिरपेपणा येतो आणि चौथी वरच्या वर बसल्यासारखी दिसते. मग दोन महिन्यांनी ती सुटते, हीटसिंकचा एक कोपरा केसभर उचलला जातो आणि आकडा शंभरावर. म्हणून बोर्ड उलटून मागे बघायचं: चारही फाका सारख्या फाकलेल्या आणि प्रत्येकीच्या मध्ये खिळीचं टोक दिसतंय का? बोर्ड कॅबिनेटमध्येच ठेवून दाबला की तो धनुष्यासारखा वाकतो आणि मागचं काही दिसत नाही. तो बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायला दहा मिनिटं जास्त लागतात, तेवढीच नको असतात.

जुना कूलर नव्या बोर्डावर जबरदस्तीने बसवणारे तर धन्य! इंटेलच्या एलजीए ११५१ आणि १२०० या सॉकेटच्या (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेच्या) भोवतीच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर, १७००चं ७८. तीन मिलिमीटरचा फरक, खुंटी ओढूनताणून जातेही, पण पाय तिरपे आणि दाब कमी. "बसला की!" म्हणे.

आता पेस्ट. हिच्याबद्दल जितकं अज्ञान तितकाच आत्मविश्वास. ट्यूबच्या ट्यूब पिळतात, केकवर आयसिंग केल्यासारखी. पेस्ट उष्णता वाहून नेण्यात धातूच्या पासंगालाही पुरत नाही. तांब्याची वाहकता ४००च्या आसपास, चांगल्या पेस्टची एक आकडी, स्वस्तातल्या पांढऱ्या पेस्टची जेमतेम एक. मग लावायची कशाला? तर दोन धातूंच्या पृष्ठभागांवर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात, त्यात अडकलेली हवा हटवायला. हवेची वाहकता ०.०२६, म्हणजे हवेपेक्षा पेस्ट कितीतरी बरी. एवढंच तिचं काम. थर जितका जाड तितका तोटा. मधोमध चणाडाळीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो, बाकी दाब पसरवतो. एलजीए १७००चा प्रोसेसर लांबट असतो, त्यावर तेवढाच माल लांबीच्या दिशेने छोट्या रेघेत द्या. बोटाने पसरवायच्या फंदात पडू नका, आत बुडबुडे राहतात.

कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट मेली, हे तरी कळायला हवं ना? साफसफाईच्या नावाखाली हीटसिंक काढायचा, फुंकर मारायची, आणि त्याच फुटलेल्या पापुद्र्यावर परत ठेवायचा! "सर्व्हिसिंग केल्यापासून जास्तच तापतोय" ही तक्रार इथून येते. दोन्ही पृष्ठभाग ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्मा पुसायचं कापड घेऊन आरशासारखे पुसायचे. हाताला लावायचं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो. आणि नवीन कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म? ती तशीच ठेवून बसवलेली मशीनं निघतात, तीही दोन-दोन वर्षं चाललेली.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची. तिथे प्रोसेसरलाच १३३१ पिना असतात, आणि वाळलेली पेस्ट हीटसिंकला अशी धरून बसते की कूलर सरळ वर ओढला तर कुलूप लावलेलं असूनही प्रोसेसर उपटून हातात येतो, चार पिना वाकवून. आधी मशीन दहा मिनिटं लोडवर चालवा म्हणजे पेस्ट मऊ पडेल, मग बंद करा, वायर काढा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा. ओढाताण केलीत तर मग सुई आणि भिंग घेऊन बसा पिना सरळ करत.

धुळीचं काय सांगावं! आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे "सीपीयू साफ केलाय" याचा अर्थ बाहेरून फडकं मारलंय. फार तर ब्लोअर आणतात आणि बाहेरून सोडतात धाड धाड. स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ आणि उदबत्तीचा धूर बसलेली धूळ कोरडी नसते, चिकट असते. ती पंखा आणि पात्यांच्या मध्ये नमद्यासारखी जमते, आणि वरून हवा मारली की आणखी दाबून बसते. पंखा हीटसिंकवरून सोडवावाच लागतो. मग तो नमदा चिमटीत धरून अखंड उचलता येतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरून बेअरिंगचं वाटोळं होतं. कॅबिनेटच्या बुडाशी एसएमपीएसखाली (वीज पुरवणाऱ्या खोक्याखाली) एक जाळी असते. ती कोणीही, कधीही काढत नाही.

सगळं साफ, पेस्ट नवी, तरी ९८? मग वॉट बघा. इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर, टर्बोमध्ये (तात्पुरत्या जादा वेगात) ११७पर्यंत जातो. आय-सेव्हन १२७०० तर १८०पर्यंत. हे टर्बो काही सेकंदांपुरतं असावं असा मूळ हिशेब, पण कित्येक बोर्डांच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) मर्यादा ४०९५ वॉट ठेवलेली असते. म्हणजे मर्यादाच नाही! बेंचमार्कच्या तक्त्यात बोर्ड चमकावा म्हणून हा उद्योग, आणि घाम डब्यातल्या फुकटच्या कूलरला. बायोसमध्ये लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट ६५ करा. एएमडीला पीबीओ (जादा वीज खाऊ देणारी सेटिंग) बंद किंवा इको मोड (कमी विजेवर चालवणारी) चालू. घरगुती कामात फरक जाणवतही नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करून टर्बो बंद करायची युक्तीही चालते, पण ती मलमपट्टी आहे. सुटलेली पुश-पिन तिने बसत नाही.

पुढून अख्खी काच असलेली कॅबिनेटं घेणाऱ्यांना तर काय बोलावं. आत सात रंगांचे दिवे, आणि हवा यायला काचेच्या कडेला बोटभर फट. चार पंखे लावलेत पण ओढायचं कुठून? जाळीचा पुढा असलेलं साधं कॅबिनेट घेतलं तर पुढे दोन, मागे एक एवढ्या पंख्यांत भागतं.

आणि ते कॉम्प्युटर टेबल! सनमायका लावलेलं, खाली डब्यासाठी मापाचा खण, तीन बाजू आणि मागची फळी बंद. मागून निघालेली गरम हवा फळीला आपटून पुढे येते आणि तीच परत आत जाते. हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७५वर थांबणारं मशीन ४०च्या खोलीत ९०च्या आसपास जाणार, आणि मे महिन्यातल्या अकोल्यात, चंद्रपुरात त्या बंद खणातली हवा किती असेल ते सांगायला नको. मागची फळी काढा, सुताराला सांगून गोल कापून घ्या, काहीही करा. वरून झालरीचं कव्हर शिवलेलं असेल तर ते मशीन चालू असताना खुंटीला टांगा. आणि खंडेनवमीला डब्याची पूजा जरूर करा, गंध लावा, अक्षता वाहा, पण झेंडूचा हार पुढच्या जाळीवर नको. गेल्या वर्षीच्या पाकळ्या अजून पंख्यात आहेत.