हाड जोडणारी पावडर मी पाठवणार नाही

आज सकाळी साताऱ्याहून मावसभावाचा निरोप आला. मावशी काल अंगणात घसरून पडली, मनगट सुजले आहे, तेव्हा हाँगकाँगहून येणाऱ्या कुणाबरोबर ‘चार दिवसांत हाड जोडणारी चिनी पावडर’ पाठवावी. एक्स-रे काढला का, असे विचारले, तर म्हणाला, आधी पावडर लावून बघू. तेव्हापासून माझे कामात लक्ष नाही.

सहा वर्षांपूर्वी ओल्या जिन्यावर माझे मनगट मोडले, तेव्हा शेजारणीच्या आग्रहाने मीही आधी दित-दा वैद्याकडेच गेले होते. कँटनीजमध्ये दित-दा म्हणजे पडण्याचा आणि माराचा इलाज. त्या म्हाताऱ्या वैद्याने दोन बोटांनी मनगट चाचपले, दोन पातळ फळ्यांमध्ये बांधले आणि लेपाच्या भांड्याचे झाकणही न काढता सांगितले, ‘आधी इस्पितळात जा.’

ही विद्या हाताची आणि वेळेची आहे. नवव्या शतकात, तांग काळात, लिन दाओरेन याच्या नावावरच्या ग्रंथातही हाड ओढून जागेवर बसवणे आधी येते, फळ्या बांधल्यावर मग पोटात घ्यायचे औषध. औषधेही टप्प्याटप्प्याने बदलतात: सुरुवातीला साकळलेले रक्त हलवायला करडईची फुले वगैरे, मग हाड सांधायला गुस्वेबू, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या बाशिंग नेच्याच्या भाऊबंदाचा केसाळ कंद, आणि शेवटी मूत्रपिंडाला बळ देणारी औषधे, कारण त्या शास्त्रात हाडांचा धनी मूत्रपिंड. हे सगळे एका पुडीत कसे मावणार? शिवाय चोळायच्या काही औषधांत बचनाग असतो. तो पोटात गेला, तर जिवावर बेतते.

माझे हाड सहा आठवड्यांच्या प्लास्टरने जुळले, हे मला मान्य करावेच लागेल. पण प्लास्टर निघाल्यावर बोटे मिटत नव्हती, तेव्हा त्याच म्हाताऱ्याने रोज वाफाळत्या काढ्यावर माझा हात धरला, काढा कोमट झाल्यावर त्यात बुडवला आणि एकेक पेर हळूहळू वाकवले. त्या काढ्याचा कडवट वास अजून माझ्या नाकात आहे. मी घाई केली की तो माझा हात बाजूला ठेवायचा आणि थांबायचा.

मावशी, रागावू नकोस. हात गळ्यात बांधून ठेव, कुणाला चोळू देऊ नकोस आणि उद्या सकाळी सगळ्यात आधी एक्स-रे काढ. दादाला सांग, मी रजा टाकली आहे, शनिवारी येते.