बर्फातली भटकंती आणि एका पालकांचे आक्षेप

सप्रेम नमस्कार.

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो शहराच्या परिसरातल्या हिवाळी भटकंतीविषयीच्या माझ्या लेखावर आपण ‘एक पालक’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: कर्ज काढून मुलांना परदेशी पाठवायचे ते शिकायला, बर्फात घसरगुंड्या खेळायला नव्हे; असे लेख आणि फोटो पाहून बर्फ कधीही न पाहिलेली मुले भलत्या धाडसाला प्रवृत्त होतात; काही बरेवाईट झाले तर अशा हौशी मंडळींना तिथल्या लोकांनी आपला जीव धोक्यात घालून आणि कराच्या पैशातून का सोडवावे; आणि डोंगरांची एवढीच ओढ होती तर सह्याद्री काय वाईट होता. आपला मुलगा येत्या ऑगस्टमध्ये ट्रॉम्सोच्याच विद्यापीठात येत आहे, हे आपण अगदी शेवटी लिहिले आहे. ते वाचल्यावर आधीच्या वाक्यांचा सूर मला नीट कळला, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

पैशांचा मुद्दा आधी संपवते. युरोपाबाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना नॉर्वेत 2023 पासून शुल्क भरावे लागते आणि त्याचा भार घरच्यांवर पडतो, हे खरेच आहे. पण इथली भटकंती म्हणजे आल्प्समधली महागडी सुट्टी नव्हे. 1957 च्या कायद्याने शेती आणि घरांचे आवार सोडून मोकळ्या रानात, डोंगरावर कोणालाही पायी किंवा स्कीवर जाता येते, राहत्या घरापासून 150 मीटर दूर तंबूही ठोकता येतो, आणि त्यासाठी कोणाची परवानगी किंवा तिकीट लागत नाही. ट्रॉम्सो ज्या बेटावर वसले आहे त्याच्या कण्यावरून स्कीची एक वाट जाते. तिच्यावर दिवे आहेत आणि विद्यापीठापासून ती जवळच आहे. सेकंडहँड स्की घेऊन संध्याकाळी तासभर तिथे जाऊन येणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास बुडतो असे म्हणायचे असेल, तर पुण्यात रोज पर्वती चढणाऱ्यांनाही तोच न्याय लावावा लागेल.

शिवाय हे शहर आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. दुपारच्या सुमारास दोन-तीन तास निळसर उजेड असतो, तेवढाच. त्या काळात खोलीत बसून राहणाऱ्याचे झोपेचे तंत्र बिघडते, जेवणाच्या वेळा बिघडतात आणि मग अभ्यासही बिघडतो. अंधार आहे म्हणून घरात बसायचे नाही, ही सवय इथली माणसे लहानपणापासून लावून घेतात आणि बाहेरून आलेल्यांना ती प्रयत्नाने लावून घ्यावी लागते.

आपला दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यातील काळजी मला पूर्णपणे मान्य आहे. 2 जानेवारी 2019 रोजी ट्रॉम्सोच्या दक्षिणेकडील तामोक खोऱ्यात झालेल्या हिमस्खलनात तीन फिनिश आणि एक स्वीडिश असे चार स्कीपटू मृत्युमुखी पडले. ही माणसे बर्फाच्याच देशांतून आलेली होती. नव्याने हिमस्खलन होण्याचा धोका आणि खराब हवामान यांमुळे त्यांचा शोधही अनेक दिवस थांबवावा लागला. त्यामुळे बर्फ म्हणजे गंमत, असा समज माझ्या लेखातून कोणी करून घेऊ नये, ही आपली अपेक्षा रास्त आहे. फक्त त्यावरचा उपाय न लिहिणे हा आहे, असे मला वाटत नाही. फोटोत नुसता शेवट दिसतो; त्याआधी काय काय करावे लागते हे लिहूनच सांगावे लागते.

ते असे असते. बहुतेक हिमस्खलने 30 अंशांहून अधिक चढाच्या उतारावर सुटतात, म्हणून बेत ठरवताना उतारांचा कोन दाखवणारा नकाशा आधी उघडायचा. ज्या सपाटीवरून आपण जाणार, तिच्या डोक्यावर तसा उतार आहे का हेही पाहायचे, कारण सुटलेला बर्फ खाली बराच दूरपर्यंत धावतो. हिवाळ्यात सरकारी यंत्रणा प्रत्येक विभागासाठी एक ते पाच या श्रेणीत धोक्याचा अंदाज रोज जाहीर करते आणि तो इंग्रजीतही असतो. हे सगळे पाहून बेत रद्द होणे ही इथली नित्याची गोष्ट आहे.

गाडले गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता साधारण पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरची मदत पोहोचण्याआधी बरोबरच्यांनीच त्याला काढायचे असते, आणि त्याचा सराव करावा लागतो. प्रशिक्षक एका पिशवीत चालू ट्रान्समीटर (बर्फाखालूनही संकेत पाठवणारे, प्रत्येकाने अंगावर बाळगायचे छोटे यंत्र) घालून ती बर्फात पुरतात. आपल्या हातातल्या यंत्राच्या पडद्यावर एक बाण आणि अंतराचा आकडा दिसतो. आकडा तीन मीटरच्या खाली आला की गुडघ्यांवर बसून, यंत्र बर्फालगत धरून, मुंगीच्या पावलांनी सरकायचे. आकडा सर्वांत कमी होईल तिथे लांब सळई खुपसायची. काही लागले नाही, तर पंचवीस सेंटीमीटर सोडून पुन्हा, गोल फिरत. पिशवीला लागलेली सळई हाताला निराळीच कळते. मग ती तशीच रोवून ठेवून उताराच्या खालच्या बाजूने खणायला घ्यायचे. दहा मिनिटांत घामाघूम होऊन जो विद्यार्थी ती पिशवी बाहेर काढतो, तो भलत्या उतारावर जायला उत्सुक उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

1967 च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरांत अठरा जण दगावल्यानंतर इथे पर्वतात वागण्याच्या नियमांचा जोरदार प्रचार झाला. आजही ते नऊ नियम एका लोकप्रिय चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूस छापलेले असतात. आठवा नियम सांगतो की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात कसलीच लाज नाही. शाळकरी पोरेही चॉकलेट खाता खाता हे वाचत असतील, तर त्या समाजाला धाडसाचे वेड आहे असे म्हणणे कठीण आहे.

लेखातील ज्या लाकडी झोपडीतल्या मुक्कामाला आपण ‘पिकनिक’ म्हटले आहे, तिच्याविषयीही सांगते. 1868 साली स्थापन झालेल्या नॉर्वेच्या पर्यटन संघाच्या अशा शेकडो झोपड्या आहेत. अनेकींत कोणी राखणदार नसतो. सभासदाने अनामत भरून किल्ली घ्यायची, नोंदवहीत नाव लिहायचे आणि मुक्कामाचे पैसे प्रामाणिकपणे भरायचे. शेगडी पेटवणे, बर्फ वितळवून पाणी करणे आणि भांडी घासणे आपल्याच गळ्यात. कोरड्या पातेल्यात नुसता बर्फ टाकला तर पातेले करपते आणि पाण्याला जळका वास लागतो, म्हणून तळाशी थोडे पाणी ठेवून बर्फ थोडा थोडा घालावा लागतो. काठोकाठ भरलेल्या पातेल्याचे पाणी चहापुरते जेमतेम होते. निघताना पुढच्या माणसासाठी लाकडे फोडून ठेवायची, कारण तो भिजून, गारठून येणार असतो. घरी कधी सरपण पाहिलेही नव्हते अशा मुलीला हे शिक्षण अनावश्यक होते, असे माझ्या आईला तरी वाटत नाही.

सुटकेच्या खर्चाबद्दल: नॉर्वेत डोंगरातून सुटका झालेल्या माणसाला बिल पाठवले जात नाही, आणि शोधासाठी जाणाऱ्यांत रेडक्रॉसचे स्वयंसेवक मोठ्या संख्येने असतात. बिलाच्या धास्तीने लोक मदत मागायला उशीर करतील, तर शोध अधिकच अवघड होईल, हे त्यामागचे साधे गणित मला पटते. आपल्याकडेही लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे कार्यकर्ते रात्री-अपरात्री दरीत उतरतात, तेव्हा आधी पैशांची गोष्ट काढत नाहीत. मात्र चौथ्या श्रेणीचा इशारा असताना जो मुद्दाम तीव्र उतारावर जातो, त्याची बाजू मी घेणार नाही.

राहता राहिला सह्याद्री. तो वाईट नव्हताच. पहाटे निघणे, गट न सोडणे आणि गावकऱ्यांचे ऐकणे मी तिथेच शिकले. पण सह्याद्रीत धोका बहुतेक वेळा पायाखाली असतो, डोळ्यांना दिसतो. इथे तो डोक्यावर असतो, आणि ऊन पडलेल्या सुंदर दिवशी मुळीच दिसत नाही. पावसात भिजलेला सुती शर्ट राजगडावर अंगावरच वाळतो. इथे तोच शर्ट अंगातली ऊब शोषून जिवावर बेततो. म्हणूनच मला कधीच डोंगर न चढलेल्या मुलांपेक्षा ‘आम्ही हरिश्चंद्रगड पावसात केला आहे’ असे सांगणाऱ्या मुलांची अधिक काळजी वाटते. आपला मुलगा ट्रेक करणारा आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा हे त्याला जरूर दाखवावे.

त्याच्यासाठी जाड जॅकेट तिकडून घेऊ नका. इथे वापरलेले चांगले मिळते. खर्च करायचाच तर लोकरीच्या आतल्या कपड्यांवर, बुटांना लावायच्या काट्यांवर आणि हेडटॉर्चवर करावा, कारण शहरातले रस्तेही बर्फ वितळून पुन्हा गोठल्यावर काचेसारखे होतात. हिमस्खलनाचे प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याने दिव्यांच्या वाटेवरच राहावे. आणि आणखी एक: बाहेर पडताना तो आपला मार्ग आणि परतण्याची वेळ इथल्या एखाद्या मित्राला सांगेल, आपल्याला कदाचित सांगणार नाही. त्याचा राग मानू नये. वेळ टळून गेली तर फोन उचलून हालचाल करू शकणारा माणूस इथेच असायला हवा; आपल्या हाती तिथून काळजी करण्यापलीकडे काही उरणार नाही.

कळावे.