‘काडीचा पुरावा नाही’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

बाळंतिणीचं दूध वाढवणाऱ्या घरगुती औषधींवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात देते: “झाडपाल्यानं दूध वाढतं याला काडीचा पुरावा नाही. शतावरी कल्पात साखर असते हेसुद्धा तुम्ही लिहिलं नाही. असले लेख वाचून बाया दवाखान्यात उशिरा येतात. घरी बसून लिहायला काय जातं? लेख काढून टाका.”

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण “घरी बसून लिहायला काय जातं” हे वाक्य लिहिण्याआधी समोरची बाई कोण आहे, एवढं तरी विचारायचं होतं. माझी आई गावची सुईण होती. मी स्वतः दोन लेकरं अंगावर पाजून वाढवलीत आणि यवतमाळकडच्या खेड्यांत आजही बाळंतिणीच्या खाटेजवळ बसते. तुम्ही नर्स आहात असं लिहिलंय, तुमच्या कामाचा मान आहे. तसाच मान समोरच्याला द्यायला पैसे लागत नाहीत.

साखरेचं मान्य. कल्पाच्या दाण्यांत शतावरीपेक्षा साखरच जास्त असते. ज्या बाईला गरोदरपणात शुगर निघाली होती तिनं कल्प न घेता साधं चूर्ण घ्यावं: साधारण ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सकाळ-संध्याकाळ कोमट दुधातून. ते वाक्य लेखात हवं होतं.

आता “काडीचा पुरावा नाही” याबद्दल. हे तुम्ही फार ठणकावून लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

उपचारांवरचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०२० साली दूध वाढवणाऱ्या औषधांच्या आणि वनस्पतींच्या ४१ चाचण्या एकत्र तपासल्या, ३,००० च्या वर आया होत्या त्यात. वनस्पतींनी दूध आणि बाळाचं वजन वाढत असावं, पण चाचण्या इतक्या कच्च्या आहेत की किती वाढतं ते खात्रीनं सांगता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुरावा कमजोर आहे, असं तुम्ही म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. कमजोर असणं आणि काडीचा नसणं यात फरक आहे, आणि दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला तो कळायला हवा.

दुसरं, मी लेखात काय लिहिलं होतं? दूध बनतं ते छाती रिकामी होण्यानं. लेकरू ओढतं तसं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि दूध तयार होतं, ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकानं पान्हा फुटतो. छाती दाटलेलीच राहिली तर शरीर दूध बनवणं कमी करतं. म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं आणि रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. हे सगळं आळिवाच्या खिरीच्या आधी लिहिलेलं आहे. तुम्ही खिरीपासून वाचायला सुरुवात केली, त्याला मी काय करू?

मग खीर कशाला, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे आजही कित्येक घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, डाळ-भाजी बंद करतात, भात आणि तुपावर ठेवतात. अशा घरात “खीर बंद करा, उपयोग नाही” असं सांगितलं की सासूबाई तुमचं पुढचं एकही वाक्य ऐकत नाहीत. उलट “खीर चालू ठेवा, पण पाजायच्या आधी तांब्याभर पाणी जवळ ठेवा आणि लेकरू दर दोन-तीन तासांनी अंगावर घ्या” म्हटलं की घर ऐकतं. आळिवात लोह आहे, खिरीत दूध-गूळ आहे. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईच्या पोटात ते जातं, हे काही कमी नाही.

मात्र खीर नीट व्हायला हवी. एक मोठा चमचा आळीव निवडून अर्धी वाटी पाण्यात दोन तास भिजत घालायचे. ते फुगून बुळबुळीत झाले, चमच्यानं उचलताना तार धरू लागले, की कपभर दुधात मंद आचेवर शिजवायचे. गूळ खाली उतरवून, जरा निवल्यावर घालायचा, नाहीतर दूध फाटतं. घाईत कोरडेच आळीव लाडवात घातले आणि वर पाणी कमी प्यायलं, की ते पोटात जाऊन फुगतात, पोट गच्च होतं आणि बाई दुसऱ्या दिवशी जेवत नाही. दिवसाला एक वाटी पुरे. गरोदरपणी आळीव द्यायचे नाहीत, आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मेथीचं वेगळं. चहाचा एक चमचा दाणे रात्री भिजवून किंवा लाडवातून. मेथी रक्तातली साखर उतरवते, म्हणून शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या बाईला सांभाळून. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर नकोच. घामाला आणि लेकराच्या लघवीला पाकासारखा गोड वास येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. लेकराला पातळ शी सुरू झाली तर मेथी थांबवायची. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्या बाईला मेथीही बाधू शकते. ताई, ही खबरदारी झाडपाल्याची टर उडवून कळत नाही, तो झाडपाला जाणून घेतला तरच कळते.

आणि एका गोष्टीवर मी तुमच्यापेक्षा कडक आहे. कापसाच्या पट्ट्यात दूध वाढवायला सरकीची खीर देतात. मी ती कुणालाही सांगत नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. त्यातही पेरणीतून उरलेल्या पाकिटातली रंगीत सरकी असेल तर तिच्यावर कीटकनाशकाचा लेप असतो, धुऊनही ती खाण्यालायक होत नाही. तसंच बाळंतिणीला देतात त्या अरिष्टांत, म्हणजे आंबवलेल्या पातळ आयुर्वेदिक औषधांत, आंबवण्यातून आलेला ५ ते १० टक्के अल्कोहोल असतो. बाटलीवर वाचा, समप्रमाणात पाणी घालून ठरलेल्या मापानंच द्या, घोट-घोट नाही.

दूध खरंच कमी पडतंय का, हे आधी बघायचं. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो आणि पहिल्या दिवशी लेकराच्या पोटात मावतं ते जेमतेम चहाचा चमचाभर. “दूधच नाही” म्हणून त्याच दिवशी बाटली लावली की पुढचं सगळं बिघडतं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात वेळा लघवी होते का, दहा-चौदा दिवसांत जन्माचं वजन भरून आलं का, पुढं रोज २०-३० ग्रॅम वाढतंय का, हे पाहा. हे जमत असेल तर रडणाऱ्या लेकरासाठी शतावरी शोधत फिरू नका. जमत नसेल तर आधी पकड बघा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, गाल फुगलेला. गालात खळगा पडत असेल आणि चुटचुट आवाज येत असेल, तर लेकरू नुसती बोंडशी चघळतंय. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

पकड नीट असूनही दूध नसेल तर कारण दुसरीकडे असतं. वारेचा तुकडा आत राहिलेला, बाळंतपणात खूप रक्त गेलेलं, थायरॉईड, किंवा माला-एनसारखी पाळणा लांबवायची गोळी. तिच्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक असतं आणि त्यानं दूध आटतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने ती देत नाहीत. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईचं कारण तर साधं असतं. सकाळी गेली ती दुपार टळल्यावरच परतते, तोवर छाती दाटून दगड होते आणि महिनाभरात दूध निम्म्यावर येतं. तिनं बांधावर बसून हातानं पिळून काढलंच पाहिजे: अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या मागे ठेवायचं, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढलेलं झाकून चार तास टिकतं, पण आपल्या एप्रिल-मे महिन्यात हा हिशेब धरू नका, सावलीतही नाही.

बाया उशिरा येतात याचं खापर माझ्या लेखावर फोडू नका. रस्ता आणि गाडी नसते म्हणून त्या उशिरा येतात, आणि आल्यावर खेकसणी ऐकावी लागते म्हणूनही. लेकरू सुस्त पडलं, ओढेना, लघवी कमी झाली किंवा आईला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, हे लेखात ठळक अक्षरांत होतं.

लेख काढणार नाही. कल्पातल्या साखरेचं वाक्य आणि माला-एनबद्दलची ओळ आज त्यात घातली आहे. तुमच्याकडे वॉर्डातले आणखी अनुभव असतील तर जरूर लिहा, फक्त बोलताना जरा बेतानं.