मनगटाच्या एमआरआयनं पोरांची उंची खुंटत नाही हो!

वहिनींचा मेसेज आला, "भावजी, हे खरं आहे का? ह्यांनी वाचलंय आणि आता पोराला फुटबॉलच्या ट्रायलला पाठवायचं नाही म्हणतायत." खाली हातभर लांब फॉरवर्ड. मथळा 'अंडर-१७ वर्ल्ड कपचे काळे सत्य, प्रत्येक पालकाने वाचावे'. शेवटी सही 'एक फुटबॉलप्रेमी डॉक्टर'. नाव नाही, गाव नाही, नोंदणी क्रमांक तर नाहीच. आमच्या पेठेच्या ग्रुपवरही तो फिरून गेला आणि ज्यांनी आयुष्यभर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांनीही त्याला 'लाइक'चे अंगठे दिले. म्हणून हे लिहायला बसलो.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: सतरा वर्षांखालच्या मुलांच्या या फुटबॉल वर्ल्ड कपच्या नावाखाली, वय तपासायला म्हणून, मुलांच्या मनगटाची एमआरआय करतात. त्यातलं चुंबक रक्तातलं लोह ओढून घेतं, 'रेडिएशन'नं हाड जुळून जातं आणि पोराची उंची तिथंच थांबते. २०१७ ला ही स्पर्धा भारतात झाली तेव्हा आपल्या मुलांचं असंच झालं, म्हणून आपण तिन्ही सामने हरलो. आफ्रिकेचे संघ पंचविशीतले बाप्ये खेळवून जिंकतात. भारताला जागा फुकट मिळाली, स्टेडियमं ओस पडली आणि या स्पर्धेतून पुढं कुणाचंच काही झालं नाही.

आधी एमआरआयचं बघू, कारण बाकीच्या थापांनी फार तर गैरसमज होईल, हिच्यानं पोराची संधी जाते.

एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं आणि रेडिओ लहरी असतात. क्ष-किरण त्यात नसतातच. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाकडं धावत नाही. धावत असतं, तर मेंदूची, मणक्याची, गुडघ्याची एमआरआय करून लाखो माणसं घरी कशी आली असती? खरी काळजी घ्यायची ती अंगातल्या धातूची. पेसमेकर असेल, जुन्या ऑपरेशनची पट्टी किंवा स्क्रू असेल, तर तंत्रज्ञाला आधी सांगायचं. बाकी कडं, साखळी, घड्याळ काढून ठेवायचं, मनगट एका साच्यात ठेवून न हलता पडून राहायचं आणि मशीनचा ठकठक आवाज ऐकायचा. कंटाळा येतो, एवढंच.

आता ही तपासणी बघते काय? अंगठ्याच्या बाजूचं हाताचं लांब हाड, म्हणजे रेडियस, मनगटापाशी जिथं संपतं तिथं वाढत्या वयात एक कूर्चेची पट्टी असते. हाड वाढतं ते तिथून. चित्रात ती पट्टी सलग दिसली तर वाढ चालू आहे. मग ती मधूनमधून तुटायला लागते आणि शेवटी दिसेनाशी होते, म्हणजे हाड पूर्ण जुळलं. याच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत, सहावी म्हणजे पूर्ण जुळलेलं हाड. फिफाचे, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचे, त्या वेळचे मुख्य वैद्यकीय अधिकारी यिर्जी द्वोराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जेरिया आणि अर्जेंटिना या चार देशांतल्या १४ ते १९ वयाच्या ४९६ निरोगी मुलांची मनगटं अशी तपासली. २००७ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ते छापून आलं. सोळा वर्षांच्या गटात हाड पूर्ण जुळलेला मुलगा किती निघाला? एक. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. सतराखालच्या स्पर्धेत सहावी पायरी दिसली की दांडी उडते, ती या आकड्याच्या जोरावर.

म्हणजे जी पट्टी आधीच मिटली आहे की नाही ते बघायचं, ती या तपासणीनंच मिटते, असं हे डॉक्टर सांगतायत. थर्मामीटर लावला म्हणून ताप चढला म्हणण्यासारखंच हे.

आणि २०१७ चा दाखला तर स्वतःच्याच अंगाशी येणारा. फॉरवर्ड म्हणतो, एमआरआयनं आपली पोरं खुजी राहिली. दिल्लीत ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ०-१ पिछाडीवर असताना ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिननं कॉर्नर घेतला. गर्दीतून वर उठून त्यावर डोकं मारलं मणिपूरच्या जीक्सन सिंगनं. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा तो पहिला गोल. पोरगा सहा फुटांच्या वर! हा म्हणे उंची खुंटलेला संघ. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल मारला आणि आपण १-२ हरलो ते आनंदात बेसावध राहिल्यामुळं, मनगटामुळं नाही. अमेरिकेकडून ०-३ आणि घानाकडून ०-४ हरलो, कारण ते संघ आपल्यापेक्षा खूप चांगले होते. तेवढं पचवायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र, इच्छा नसताना, मान्य करतो. आपल्याकडं वयोगटाच्या क्रिकेटमध्ये टीडब्ल्यू-३ नावाची चाचणी वापरतात, तिच्यात हाताचा एक्स-रे काढतात आणि एक्स-रेमध्ये किरणोत्सर्ग असतो. पण हाताच्या एका एक्स-रेचा डोस इतका नगण्य असतो, की निसर्गातून तेवढा आपल्याला दिवसभराच्या आतच मिळून जातो, घरात बसलो तरी. फॉरवर्डवाल्यानं ही चाचणी आणि ती चाचणी एकात कालवली आहे. चुकून की मुद्दाम, ते तोच जाणे.

एमआरआयलाही मर्यादा आहेतच. अठरा वर्षांच्या एखाद्या मुलाचं हाड अजून जुळलेलं नसतं आणि तो खुशाल सुटतो. मुलींची हाडं मुलांच्या आधी जुळतात, त्यामुळं मुलांचा हा निकष त्यांना लावता येत नाही. पण 'चोर कधीकधी सुटतो' आणि 'साव आजारी पडतो' यांत फरक आहे.

आता आफ्रिका. इथं अर्धं सत्य आहे आणि ते दडवण्यात अर्थ नाही. वयचोरी होते, भरपूर झाली आहे. फिफानं सतराखालच्या वर्ल्ड कपमध्ये एमआरआय आणली ती २००९ ला, स्पर्धा नायजेरियातच होती आणि तपासणीमुळं यजमानांना ऐनवेळी आपल्याच संघातली १५ मुलं गाळावी लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. पण गोष्ट तिथं संपत नाही. गाळून उरलेला तो संघ अंतिम फेरीत गेला आणि स्वित्झर्लंडकडून ०-१ असा हरला. पुढं तपासणी चालू असतानाच नायजेरियानं २०१३ ला मेक्सिकोला आणि २०१५ ला मालीला हरवून कप नेला. पंचविशीचे बाप्ये तर मशीनमध्ये पहिल्या फटक्यात सापडले असते. वयाचा संशय फक्त आफ्रिकेवर घ्यायचा हाही निव्वळ रंग बघून केलेला न्याय. १९८९ ला स्कॉटलंडमध्ये हीच स्पर्धा सौदी अरेबिया जिंकला, तेव्हा हरलेल्या यजमानांनी हीच कुरकुर केली होती. आणि आपल्या गल्लीत, आपल्या शाळांच्या स्पर्धांत दाढी करून येणारे 'चौदा वर्षांखालचे' कुणी पाहिलेच नाहीत का? जन्मदाखले कसे 'दुरुस्त' होतात हे कोल्हापुरात मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्या एका खोट्या दाखल्यानं बाहेर बसतो तो खऱ्या वयाचा पोरगा. त्याच्या बाजूनं उभी राहणारी तपासणी पालकांच्या मनातून उतरवायची, म्हणजे वयचोरांचंच काम सोपं करायचं.

आफ्रिकेला फिफा झुकतं माप देते, असंही एक वाक्य मध्ये घुसडलंय. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ ची उपांत्य लढत ज्यांनी पाहिली, त्यांना विचारा. मालीच्या डुकुरेचा फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत पडला, तरी गोल दिला नाही. स्पेन ३-१ नं जिंकला.

फुकट जागा? हो, यजमानाला जागा मिळते. प्रत्येक यजमानाला मिळते. खेळून आपण पात्र ठरलो नसतो हेही खरं, कारण २०१६ ला गोव्यात झालेल्या आशियाई सोळाखालच्या स्पर्धेत आपण गटातच बाद झालो होतो. यात काळं सत्य काय आहे? हे सगळं तेव्हाच पेपरात आलं होतं.

ओस स्टेडियमं म्हणाल, तर २०१७ ला ५२ सामन्यांना मिळून १३,४७,१३३ प्रेक्षक आले. तोवरचा विक्रम चीनमधल्या १९८५ च्या पहिल्या स्पर्धेचा होता, तो मोडला. सगळेच सामने खचाखच नव्हते, पण कोलकात्याची अंतिम लढत बघा आणि मग ओस म्हणा.

राहिलं 'पुढं कुणाचंच काही झालं नाही'. त्याच अंतिम लढतीत ०-२ वरून ५-२ असं उलटवणाऱ्या इंग्लंडमध्ये फिल फोडेन होता, मार्क गेही होता. स्पेनमध्ये फेरान टोरेस होता. यांना विसरायचं असेल तर फुटबॉल बघणंच सोडावं लागेल. आपल्याकडं जीक्सन आणि सुरेश सिंग वांगजम वरिष्ठ संघात गेले. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, तो पुढं जमशेदपूर, हैदराबादकडून आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, खेळला. बरीच पोरं मागंही पडली. सतराव्या वर्षी चमकलेली सगळी जगात कुठंच टिकत नाहीत.

आणि त्याच संघातला बचावपटू अन्वर अली. त्याच्या हृदयात दोष आहे, हे २०१९ ला कळलं ते तपासणीतच. भारतीय फुटबॉल फेडरेशननं त्याला थांबवलं, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, वैद्यकीय मतं पुन्हा घेतली गेली आणि मग परवानगी मिळाली. तो परत मैदानात उतरला, एफसी गोवाकडून आयएसएल खेळला, पुढं भारताच्या वरिष्ठ संघातही आला. 'फुटबॉलप्रेमी डॉक्टरां'नी आपल्या फॉरवर्डमध्ये त्याचं नावही घेतलेलं नाही.