‘दिग्दर्शक म्हणे!’ : एडिनबरोकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

एडिनबरोकर, नमस्कार.

अ‍ॅलिस्टर सिम या ब्रिटिश नटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून आणि दुसऱ्यांदा चहा घेऊन. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की चारपैकी दोन मुद्दे तुमचे बरोबर आहेत. उत्तर लांबणार म्हणून इथे स्वतंत्र टाकतोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. एक, मी सिमला ‘इंग्रज नट’ म्हटलं, तो स्कॉटिश होता. दोन, त्याला ‘रंगभूमीचा मोठा दिग्दर्शक’ म्हणणं म्हणजे एका सिनेमातल्या विनोदी नटाला उगाच वजनदार करणं; ‘मित्राची नाटकं बसवली आणि मुख्य भूमिका स्वतः घेतली, दिग्दर्शक म्हणे!’ हे तुमचे शब्द. तीन, तो सह्या देत नसे आणि जाहिरातीतल्या नकलेवरून कोर्टात गेला, याचं मी कौतुक केलं, पण ही तर शुद्ध घमेंड. आणि चार, त्याच्या लग्नाची हकीकत मी एका ओळीत उरकली.

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. सिमचा जन्म 9 ऑक्टोबर 1900 चा, एडिनबरोच्या लोथियन रोडवरचा. वडील शिंपीकाम करणारे, आई स्कॉटलंडच्या आइग बेटावरची, तिथली जुनी गेलिक भाषा बोलणारी. ‘इंग्रज’ हा माझ्या बोटांचा दोष आहे आणि थोडा आपल्या भाषेचाही. एल्फिन्स्टन स्कॉटिश, विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन स्कॉटिश, आणि आपण दीडदोनशे वर्षं दोघांनाही इंग्रज म्हणून मोकळे! मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही.

तुमच्या डोळ्यांसमोर 1951 च्या सिनेमातला स्क्रूज, डिकन्सच्या नाताळगोष्टीतला तो कंजूष म्हातारा आहे, ‘बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ सिनेमात सिमनेच वठवलेली मुलींच्या शाळेची ती अवाढव्य मुख्याध्यापिका आहे. माझ्याही आहे, मी सिमला पहिल्यांदा पाहिलं ते स्क्रूज म्हणूनच, आणि नाताळच्या सकाळी त्या खोलीत तो जो खिदळत नाचतो त्यावर मी अजूनही फिदा आहे. पण आपण त्याला ज्या क्रमाने ओळखतो तो क्रम उलटा आहे. सिनेमा नंतरचा. नटही तो तसा नंतरच झाला, कारण व्यावसायिक रंगमंचावर तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तिशीला टेकला होता. 1930 साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पॉल रोबसन हा कृष्णवर्णीय अमेरिकी नट ऑथेल्लो करत होता, त्यात सिमला निरोप्याचं काम मिळालं. त्याआधी तो मास्तर होता. उच्चार आणि वक्तृत्व शिकवणारा मास्तर.

हे मी मूळ लेखात ओझरतं लिहिलं, ती चूक झाली, कारण सगळं तिथूनच उलगडतं. 1925 ते 1930 या काळात तो एडिनबरोच्या न्यू कॉलेजात वक्तृत्वाचा व्याख्याता होता. तुम्ही तिथेच राहता, तेव्हा टेकडीवरची ती दोन मनोऱ्यांची इमारत रोज बघत असाल. तिथे धर्मोपदेशक तयार होत. म्हणजे हा माणूस पाच वर्षं भावी पाद्र्यांना शिकवत होता की व्यासपीठावर उभं राहून बोलावं कसं, श्वास कुठे घ्यावा, कुठे थांबावं, शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोचवावा कसा.

आता 1943 कडे या. युद्ध चालू आहे, लंडनच्या वेस्टमिन्स्टर थिएटरात स्कॉटिश नाटककार जेम्स ब्रायडीचं ‘मिस्टर बॉल्फ्री’ लागलंय. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं पाद्र्याचं घर, रविवार, म्हणजे हसायला बंदी, फिरायला बंदी. घरात उतरलेले दोन सैनिक आणि पाद्र्याची भाची कंटाळून जुन्या पुस्तकातला मंत्र म्हणतात आणि चक्क सैतानाला बोलावतात. तो येतो तोही पाद्र्याच्याच वेषात, हातात छत्री घेऊन. मग रात्रभर पाद्री आणि सैतान यांची शास्त्रार्थाला शोभेल अशी जुगलबंदी. पाद्री शेवटी सुरी घेऊन त्याच्या मागे वादळात धावतो. सकाळी सगळ्यांना वाटतं, रात्रीच्या व्हिस्कीचा तो खेळ असावा. आणि तेवढ्यात कोपऱ्यात विसरलेली सैतानाची छत्री आपली आपण चालायला लागते.

या नाटकात पाद्र्याची भूमिका सिमची आणि दिग्दर्शनही सिमचं. पाद्र्यांना बोलायला शिकवणाऱ्याने पाद्री उभा करणं, याला ‘मुख्य भूमिका स्वतः घेतली’ एवढंच म्हणायचं? माझ्या मते त्या भूमिकेवर त्या काळच्या ब्रिटनमध्ये त्याच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नव्हता. तो पाद्री नुसता थट्टेचा विषय झाला असता तर सैतानाशी झुंज कसली लागणार?

‘मित्राची नाटकं’ या टोमण्याबद्दल. हो, मित्राचीच. ब्रायडी म्हणजे ग्लासगोचे डॉक्टर ऑस्बर्न हेन्री मेव्हर. 1943 मध्ये ग्लासगोचं सिटिझन्स थिएटर उभं करणाऱ्यांतले प्रमुख. हा लेखक भन्नाट कल्पना मांडायचा, पात्रांना मनसोक्त बोलू द्यायचा आणि शेवटच्या अंकात त्याची गाडी घसरायची. त्याने स्वतःच म्हणून ठेवलंय की शेवटचे अंक फक्त देवालाच लिहिता येतात आणि तोही क्वचितच लिहितो. अशी बोलघेवडी, कडेकडेने सांडणारी संहिता रंगमंचावर सावरायला बोलण्याचं व्याकरण ठाऊक असलेला माणूस लागतो. ब्रायडीला सिममध्ये तो सापडला. 1942 ते 1950 या आठ वर्षांत एकामागोमाग एक नाटकं या जोडीने केली. 1947 च्या ‘डॉक्टर अँजेलस’मध्ये सिम गोडबोल्या खुनी डॉक्टर होता; हे पात्र ज्याच्यावरून बेतलं तो डॉक्टर प्रिचर्ड ग्लासगोचा, बायकोला आणि सासूला विष घातल्याबद्दल 1865 मध्ये फासावर गेलेला. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅनॅटमिस्ट’मध्ये तो डॉक्टर नॉक्स झाला. बर्क आणि हेअर यांनी माणसं मारून प्रेतं विकली ती याच नॉक्सच्या शवविच्छेदनाच्या वर्गाला. ही हकीकत तुमच्या शहरातली, 1828 ची, तुम्हाला मी काय सांगणार. आणि 1950 च्या ‘मिस्टर गिली’मध्ये तो खाणकामगारांच्या गावातला मास्तर होता, ज्याचे सगळे हुशार विद्यार्थी पुढे वाया जातात. मास्तर, पाद्री, डॉक्टर: एरवी ज्यांच्यापुढे माणसं गप्प बसून ऐकतात अशी सगळी माणसं. सिम त्यांच्या गंभीर बोलण्याखालची फट दाखवायचा. मुख्याध्यापिकेचं सोंग तिथूनच आलंय.

बरं, ब्रायडी 1951 च्या जानेवारीत गेला. सिम फक्त मित्रासाठी दिग्दर्शन करत असता तर ते तिथे थांबायला हवं होतं. 1958 साली त्याने विल्यम गोल्डिंगचं ‘ब्रास बटरफ्लाय’ बसवलं. होय, ज्याला पुढे 1983 चं नोबेल मिळालं तोच गोल्डिंग. रोमन सम्राटाच्या दरबारात एक ग्रीक संशोधक येतो, वाफेवरची बोट, स्फोटक आणि छपाईची कल्पना घेऊन. सम्राटाला यातलं काहीच नको असतं. तो हुरळतो प्रेशर कुकरवर, कारण त्यात शिजलेल्या पदार्थाने त्याला जुने दिवस आठवतात. सम्राट अर्थात सिम. नाटक लंडनमध्ये फार चाललं नाही. पडलेलं नाटकही मी त्याच्या खात्यात मांडतोय, कारण मुख्य भूमिकेपुरता रस असलेला नट कादंबरीकाराच्या पहिल्यावहिल्या नाटकावर एवढी मेहनत घेणार नाही. एक तांत्रिक गोष्टही सांगतो. त्या काळच्या ब्रिटिश जाहिरातींत दिग्दर्शकाला ‘प्रोड्यूसर’ म्हणत. आज जुन्या कागदावर ‘प्रोड्यूसर : सिम’ वाचून माणसाला वाटतं, याने पैसे घातले असतील. तुमचा गैरसमज तसा झाला असेल तर तो क्षम्य आहे.

तो ‘मोठा’ दिग्दर्शक होता का? हे विशेषण मी परत घेतो. त्याने नेपथ्यात क्रांती केली नाही, शेक्सपिअरचा नवा अर्थ लावला नाही. तालमीचा मास्तर होता आणि ते काम त्याला फार चांगलं येत होतं, एवढंच म्हणतो.

त्याचा उत्तम पुरावा म्हणजे जॉर्ज कोल. 1940 मध्ये ‘कॉटेज टू लेट’ या नाटकात सिमबरोबर काम करणारा पंधरा वर्षांचा लंडनचा पोरगा. लंडनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा सिम आणि त्याची बायको नेओमी यांनी त्याला ऑक्सफर्डशायरमधल्या आपल्या घरी ठेवून घेतलं, त्याच्या आईसकट. पोरगा सत्ताविशीपर्यंत तिथे राहिला. सिमने त्याच्या जिभेवरचं अस्सल कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या बोलीचं, वळण काढून दाखवलं, म्हणजे हवं तेव्हा चढवता-उतरवता येईल असं केलं, आणि पुढे कोलचा सगळा धंदा त्या चढउतारावर चालला. 1951 च्या स्क्रूजमध्ये तरुणपणीचा स्क्रूज आहे तो कोलच. पुन्हा पाहा आणि दोघांचे आवाज शेजारी ठेवून ऐका.

आता घमेंडीचा आरोप. सह्या न देण्याबद्दल तुम्ही म्हणता ते काही अंशी पटतं. दारात उभ्या पोराला वही परत करणं मलाही जमलं नसतं. सिमचं म्हणणं साधारण असं होतं की मी उभा राहतो किंवा पडतो तो माझ्या कामावर. चांगलं काम प्रसिद्धीअभावी झाकोळत नाही आणि वाईट काम प्रसिद्धीने सावरत नाही. म्हणून मुलाखतीही जवळपास नाहीत. पण हाच माणूस 1948 साली एडिनबरो विद्यापीठाच्या रेक्टरपदाला उभा राहिला, विद्यार्थ्यांच्या मतांनी हॅरल्ड मॅकमिलनला, पुढे पंतप्रधान झालेल्या राजकारण्याला, हरवून निवडून आला आणि तीन वर्षं ते पद सांभाळलं. आणि पुढे सरदारकी, म्हणजे ‘सर’ किताब, देऊ केला तर नको म्हणाला. घमेंडखोर माणूस किताब सोडतो का? सोडतोही कधीकधी, तीही घमेंडच असते, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणून टाकतो.

हाइन्झ या डबाबंद खाद्यपदार्थांच्या कंपनीवरच्या खटल्याचं मात्र तसं नाही. टीव्हीवर त्यांच्या डब्यातल्या बीन्सची जाहिरात लागली. तिच्यातला आवाज हुबेहूब सिमचा. तो काढला होता रॉन मूडी या नटाने. सिम कोर्टात गेला: लोकांना वाटेल की मी पैशासाठी बीन्स विकतोय, आणि माझा आवाज मला न विचारता वापरलाय. पहिल्या न्यायाधीशांनी एवढं जरूर म्हटलं की व्यापारी फायद्यासाठी दुसऱ्याचा आवाज त्याच्या संमतीवाचून वापरता येत असेल तर कायद्यातली ती मोठीच उणीव म्हणावी लागेल. पण जाहिरात थांबवण्याचा तात्पुरता मनाई हुकूम काही मिळाला नाही, 1959 मध्ये अपिलातही नाही.

तुम्हाला हे चिल्लर वाटलं. मला वाटत नाही. ज्याने आयुष्याची पहिली कमाई आवाज शिकवून केली, आवाजावर नाटकं बसवली, एका पोराला आवाजावर उभं केलं, त्याच्या दुकानातला एकमेव माल कुणी उचलून नेला तर त्याने हसून सोडून द्यावं? आज कुणाचाही आवाज यंत्रातून काढून कशालाही चिकटवता येतो आणि नट मंडळी करारांत कलमं घालून घेताहेत. सिम त्यासाठी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हरला होता.

राहिलं लग्न. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. नेओमी प्लास्किट त्याला भेटली तेव्हा 1926 साल होतं; ती बारा वर्षांची, तो पंचविशीतला, एका नाटकाच्या निमित्ताने. 1932 मध्ये ती अठराची झाल्यावर त्यांनी लग्न केलं आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1976 पर्यंत टिकलं. मी फक्त ‘1932 मध्ये विवाह’ लिहिलं, कारण बाकीचं लिहिलं तर लेखाचा सूर बिघडेल असं वाटलं. हे लपवणंच झालं. नेओमीने म्हातारपणी त्यांच्या पन्नास वर्षांवर पुस्तक लिहिलं, ते मायेने लिहिलंय, आणि तिच्या वतीने आपण तिला फसवली गेली असं ठरवणं मला उद्धट वाटतं. पण वाचणाऱ्याला ती वयं वाचून अस्वस्थ व्हायचा हक्क आहे, आणि तो हक्क मी काढून घेतला होता. परिच्छेद जोडला आहे, वयांसकट.

एक विनंती. लोथियन रोडवर फिल्महाउसपाशी सिमच्या जन्मस्थानाची पाटी आहे. लेखाला सध्या लावलेला फोटो लंडनमधल्या त्याच्या घरासमोरचा आहे, आणि ‘इंग्रज’ शब्द काढल्यावर तो आता फारच विजोड दिसतोय. कामावरून परतताना एक फोटो काढून पाठवाल का? खाली ‘छायाचित्र : एडिनबरोकर’ असं लिहीन.